फॉर्ममध्ये सगळं विचारलं, तेवढं सोडून

परवा फोनवर आईनं विचारलं, "तुझ्या हापिसात लोक बरे वागतात ना वं तुझ्याशी?" आता तिला नेमकं काय विचारायचंय हे मला बरोबर कळतं, जातीवरून कोणी काही करत नाही ना. आम्ही इंदोऱ्याचे, म्हणजे नागपुरातल्या बौद्ध वस्तीतले, नागपूरकरांना पुढचं सांगावं लागत नाही. म्हटलं यावर एकदा लिहूनच टाकू.

मी इंग्लंडात मिडलंड्समधल्या एका कौन्सिलमध्ये, म्हणजे आपली महानगरपालिका असते तसंच समजा, हाउसिंगच्या खात्यात नोकरी करते. अर्ज ऑनलाइनच भरला होता आणि शेवटी एक वेगळं पान आलं, त्यात वय, धर्म, वंश, अपंगत्व, समलिंगी आहात का, सगळंच विचारलेलं, आणि प्रत्येकाखाली 'सांगायचं नाही' अशीही एक टिक. माझा तर हातच थांबला, म्हटलं आता हे बघून बाजूला काढतील आपल्याला. पण नंतर कळलं की ते पान निवड करणाऱ्यांना दाखवतच नाहीत, आमच्याकडे तर नावही झाकतात, त्यांच्यासमोर फक्त नंबर जातो. पान कशाला, तर कोणत्या गटातल्या किती लोकांनी अर्ज केला, किती मुलाखतीपर्यंत पोचले न् किती लागले हे मोजायला. इथला समानतेचा कायदा २०१० चा, इक्वॅलिटी ॲक्ट, त्यात अशा नऊ गोष्टी आहेत ज्यांच्यावरून भेदभाव करता येत नाही. आणि कौन्सिलला त्याहून जास्त बंधन आहे, म्हणजे तक्रार आल्यावर धावपळ नाही तर निर्णय घ्यायच्या आधीच बघायचं की याचा कोणाला त्रास होईल.

मुलाखतीला तिघं बसलेले, सगळ्यांना तेच प्रश्न, समोर मार्कांचा कागद, आणि मी आपली वाट पाहून राहिले की आता विचारतील, आता विचारतील. नागपुरात एका संस्थेत मुलाखत दिली होती तेव्हा पहिला प्रश्न "लग्न झालं का", दुसरा "मिस्टरांची बदली झाली तर?", मग "पूर्ण नाव सांगा", मग "राहता कुठं". इंदोरा म्हटल्यावर सरांनी पेनाचं टोपण लावलं. ते टोपण मला अजून दिसतं. इथं यातलं काहीच झालं नाही, आणि तब्येतीचं तर नोकरी देतो म्हणेपर्यंत सहसा विचारता येत नाही. माझ्या बाजूला बसते तिला फार कमी दिसतं, तिला मोठी स्क्रीन आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मिळालं, कोणी उपकार केल्यासारखं तोंड केलं नाही.

पण म्हणून इथं सगळं गोड आहे असं नाही हं. बर्मिंगहॅम कौन्सिलचं प्रकरण आईला सांगितलं. तिथं कचरा उचलणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या पुरुषांना वर्षानुवर्षं बोनस मिळायचा आणि त्याच ग्रेडच्या स्वयंपाक करणाऱ्या, सफाई करणाऱ्या, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या बायांना नाही. बाया कोर्टात गेल्या, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकल्या, पण देणं काही संपलं नाही आणि २०२३ मध्ये एवढ्या मोठ्या कौन्सिलनं हात वर केले, त्याच्या कारणांत समान पगाराची थकबाकी मोठी होती. आई म्हणे, "म्हणजे तिकडंबी तेच." आमच्या शेजारच्या काकू महानगरपालिकेत ऐवजदार, म्हणजे कायम नसलेल्या बदली कामगार म्हणून झाडू मारायच्या, कायम होण्याची वाट पाहण्यात त्यांची किती वर्षं गेली ते तिनं रोज पाह्यलंय.

आता मुद्द्याचं. त्या नऊ गोष्टींत जात नाही. आपल्या संविधानात सरकारी नोकरीसाठी कलम १६ मध्ये जात हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, इथं नाही. २०१३ मध्ये इथल्या संसदेनं ठरवलं होतं की वंशाच्या रकान्यात जात घालायची, २०१८ मध्ये सरकार म्हणालं गरज नाही, कोर्टं बघून घेतील. आधी २०१४ मध्ये नोकरीच्या खटल्यांची अपिलं ऐकणाऱ्या ट्रायब्युनलनं म्हटलं होतं की काही केसेसमध्ये जात 'एथनिक ओरिजिन'मध्ये, म्हणजे वांशिक मूळ या शब्दात, बसू शकते. बसू शकते म्हणजे आधी भांडा, मग बघू.

आणि मला इथं जातीवरून कोणी विचारलं माहितीये? गोऱ्यांनी नाही. आपल्याच लोकांच्या गणपतीत, हातात मोदकाची प्लेट, एक ताई एकदम प्रेमानं, "नागपूरच्या का, अय्या, कुठल्या भागातल्या?" मी म्हटलं इंदोरा. "अच्छा... अच्छा." आणि त्यांना अचानक दुसरीकडं कोणीतरी दिसलं. सात हजार किलोमीटर येऊन परत तेच टोपण.

त्यानंतरच्या रविवारी मी लंडनला गेले, किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब जिथं राह्यले ते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये घेतलं, पण म्युझियम करायला तिथल्या कौन्सिलनंच परवानगी नाकारली, शेजाऱ्यांची तक्रार होती की गर्दी होते, आवाज होतो. शेवटी २०२० मध्ये इथल्या ब्रिटिश सरकारनं परवानगी दिली. मी गेले तेव्हा गल्ली अशी शांत की माझ्याच बुटांचा आवाज येत होता.

मागच्या महिन्यात ऑफिसात तो फॉर्म सुधारायचा म्हणून सगळ्यांची मतं मागवली तर मी एक ओळ लिहिली, यात जात का नाही. एचआरच्या बाईंचं उत्तर आलं, याबद्दल मला फारसं माहीत नाही, गुरुवारी अर्धा तास समजावून सांगशील का. आता अर्ध्या तासात काय सांगू? मनुस्मृतीपासून सुरू केलं तर चहा पण होणार नाही. आईला विचारलं तं म्हणते, "ते टोपणाचं सांग ना."