भाडं थकलं तर आधी बसून बोला की

आम्ही शुक्रवार पेठेत भाड्यानं राहायचो. बाबांचं काम सुटलं आणि तीन महिन्यांचं भाडं थकलं, तर मालकीणकाकू स्वतः येऊन म्हणाल्या, "भाऊ, पोरांची फी आधी भरा, माझं हप्त्यानं द्या." वर आईला त्यांच्या भिशीत पण घेतलं, त्यातनंच पुढं शिलाई मशीन आलं घरात. मी हे कधीच विसरणार नाही.

पण सगळ्यांना अशा काकू कुठं मिळतात ओ? म्हणून मला इंग्लंडमधली पद्धत लई पटते. तिथं कौन्सिल (म्हणजे तिथली नगरपालिका) किंवा हाउसिंग असोसिएशननं (म्हणजे कमी भाड्यात घरं देणारी, नफ्यासाठी नसलेली संस्था) भाडं थकलं म्हणून कोर्टात जायच्या आधी भाडेकरूशी बोलायचं, परवडेल असा हप्ता ठरवायचा, सरकारी मदतीचा अर्ज करायला हातभार लावायचा, असं ठरवून दिलंय. आणि ते गरजेचंच आहे, कारण युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी कमाई असलेल्या नाहीतर काम सुटलेल्या माणसाला मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, पहिला पैसा हातात यायलाच साधारण 5 आठवडे लागतात, तेवढ्यात थकबाकी होणारच, त्यात त्या माणसाची काय चूक? बऱ्याच असोसिएशनकडं तर पैशाचा हिशोब बसवून द्यायला, कर्जातनं वाट काढायला वेगळी माणसंच असतात.

नुसतं घर देऊन थांबायचं नाही, हा विचार तसा जुनाच आहे. व्हिएन्नात 1930 साली नगरपालिकेनं भाड्याच्या घरांची कार्ल मार्क्स होफ नावाची मोठी वसाहत उघडली, त्यात घरांबरोबर धुलाईघरं, बालवाड्या, लायब्ररी सगळं होतं.

आपल्याकडं सरकारी घर म्हटलं की बोलणं लॉटरी आणि चावीपाशीच थांबतं. चावी दिल्यावर सहा महिन्यांनी कुणीतरी दार वाजवून विचारावं, मेंटेनन्स जमतोय का, घरात कोण कमावतंय, एवढं तरी कोल्हापुरात सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं.