चहाचे पैसे कोणी दिले?

आईनं पहिला प्रश्न विचारला तो हा. जात विचारली नाही, वय विचारलं नाही, मुलंबाळं किती तेही नाही. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या आठवड्यातली दुपार होती. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो आणि मी तिला सांगून टाकलं, की इंग्लंडात, लेस्टरमध्ये, एका गृहस्थांबरोबर मी फिरायला, चहाला, सिनेमाला जाते, त्यांचाही घटस्फोट झाला आहे, आणि ते मला आवडतात. एवढं वाक्य उच्चारायला मला 14 महिने लागले होते. आईनं हातातली शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि विचारलं, "चहाचे पैसे कोणी दिले?"

"अर्धे अर्धे."

"म्हणजे?"

"म्हणजे माझे मी, त्यांचे त्यांनी."

तेव्हा मात्र तिचे हात थांबले.

लेस्टरला परत येऊन तीन आठवडे झाले, तरी तिचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून लिहिते आहे. बडोद्याची माणसं हे वाचतील, आत्याही वाचेल. वाचू दे.

नोव्हेंबर 2024 मध्ये आमच्या इथल्या वाचनालयात शुक्रवारी संध्याकाळी एक सिनेमा दाखवला. 'इट्स कॉम्प्लिकेटेड', 2009 सालचा. घटस्फोटाला दहा वर्षं झालेली बेकरीवाली बाई, तिच्यापेक्षा कितीतरी लहान मुलीशी लग्न करून बसलेला आणि आता पुन्हा हिच्याच मागे लागलेला तिचा नवरा, आणि तिच्या घराचा आराखडा करणारा, स्वतःही घटस्फोटातून गेलेला एक हळवा माणूस. मेरिल स्ट्रीप तेव्हा 60 वर्षांची होती, दिग्दर्शिका नॅन्सी मायर्सही 60 चीच. सभागृहात बहुतेक बायका सत्तरीच्या पुढच्या, आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. मला रडू आलं. रात्री बंद बेकरीत तो माणूस आणि ती मिळून क्रोसाँ करतात, पीठ लाटतात, घडी घालतात, त्या प्रसंगाला. 27 वर्षांच्या संसारात माझ्या शेजारी उभं राहून कोणी पोळी लाटली नव्हती. त्यात तक्रार करण्यासारखं काही आहे, हेही मला तोवर सुचलं नव्हतं.

सिनेमानंतर चहा आणि चर्चा. एक बाई म्हणाल्या, नायिका किती धीट आहे. मला राहवलं नाही. मी म्हटलं, स्वतःचा धंदा आहे, झाडीतलं ऐसपैस घर आहे, आणि दुःख काय, तर स्वयंपाकघर लहान पडतं! हिला धीर कशाला लागतो? लेस्टरच्या कारखान्यात रात्रपाळी करून, नवऱ्यापासून वेगळं होऊन दोन मुलं वाढवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण घरी जाताना वाटलं, आपण त्या बाईवर अन्याय केला. साठीच्या आसपास प्रेमात पडल्याबद्दल त्या सिनेमात तिला कोणी शिक्षा देत नाही. आजारी पाडत नाहीत, मारून टाकत नाहीत, शेवटी नातवंडांच्या पाळण्याशी नेऊन बसवत नाहीत. आपल्याकडे हे किती वेळा पाहिलं, सांगा.

चर्चेनंतर चहाच्या टेबलापाशी मी पुटपुटले, "आ चा तो साव फिक्की छे." बडोद्यातल्या मराठी माणसाला बाजारात आणि चहाच्या बाबतीत गुजरातीच सुचते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मागून आवाज आला, "तमे वडोदराना?"

तेच हे गृहस्थ. ते युगांडाच्या राजधानीत, कंपालात जन्मलेले. ऑगस्ट 1972 मध्ये तिथल्या हुकूमशहानं, इदी अमीननं, आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्या सप्टेंबरात लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे घरं, शाळा, दवाखाने सगळं भरलं आहे, तुम्ही इकडे येऊ नका. तरी लोक आले, आणि आज त्याच गावाला बेलग्रेव्ह रोडवरच्या दिवाळीचा अभिमान आहे. त्यांची गुजराती 1972 मध्येच थांबलेली, मधे मधे स्वाहिली शब्द. माझी गुजराती मांडवी-घडियाळी पोळ भागातली, शेजारणींकडून उचललेली. मराठी त्यांना येत नाही. म्हणजे ज्या भाषेत मी आयुष्यभर भाजीचा भाव केला, त्या भाषेत वयाच्या 53 व्या वर्षी मी कोणाला तरी सांगते आहे की आज मला तुमची आठवण आली.

आता चहाच्या पैशांचं. आम्ही पहिल्यांदा ठरवून भेटलो तेव्हा दोन कॉफ्या आणि एक केक, 7 पौंड 40 पेन्स. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, एकत्र की वेगळे? ते म्हणाले, वेगळे. केक आम्ही दोघांनी खाल्ला होता, तोसुद्धा निम्मा निम्मा लावला. माझे 3 पौंड 70, त्यांचे 3 पौंड 70. मी कार्ड टेकवलं, हसले, बसनं घरी आले आणि चार दिवस त्यांच्या फोनला उत्तर दिलं नाही.

इंग्लंडमध्ये 25 वर्षं राहूनसुद्धा हे माझ्या पचनी पडलेलं नाही. ऑफिसमध्ये वाढदिवसाच्या जेवणाचा हिशेब मांडतात, कोणी सरबत घेतलं नाही ते वजा करतात, त्याची सवय झाली. पण भेटायला बोलावलेल्या बाईला वेगळे म्हणायचं? आपल्याकडे सेव-उसळच्या दुकानातही बिल यायच्या आधी दोन माणसं गल्ल्याशी पोचलेली असतात. माझ्या दादानं एकदा जावयाचं मनगट धरून त्याला पाकिटापासून लांब ठेवलं होतं, आणि जावई डाव्या हातानं मालकाकडे नोटा सरकवत होता. त्या ओढाताणीत प्रेम असतं, मान असतो, पुढच्या वेळी मी, असं वचन असतं. पुढची भेट तिथेच ठरते. हिशेब चुकता झाला की माणसं मोकळी होतात, आणि मला मोकळं व्हायचं नव्हतं. ऋण ठेवून उठायचं असतं, असं आम्हाला घरात शिकवलं आहे. निरोपाच्या वेळी डबा भरून देतात तो का? रिकामा डबा परत करायला माणूस पुन्हा येतो म्हणून.

पाचव्या दिवशी मी त्यांना तोंडावर विचारलं. ते खरंच गोंधळले. युगांडातून निघताना एका कुटुंबाला 50-55 पौंड नेता येत होते. त्यांच्या वडिलांनी पुढची सगळी वर्षं वहीत पेनीपेनीचा हिशेब लिहिला, कोणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही, कारण या देशात आपल्याला कोणी उपरे, फुकटे म्हणायला नको. "तुमच्यावर माझं ओझं नको, म्हणून," ते म्हणाले. मला त्यांचं म्हणणं कळलं. पटलं असं मात्र अजून नाही.

आणि खरं कारण मला नंतर बडोद्याला, आईसमोर बसल्यावर सापडलं. "अर्धे अर्धे" हे मी याआधी शेवटचं केलं होतं ते माझ्या घटस्फोटाच्या फीचं. 593 पौंड. 296 पौंड 50 पेन्स नवऱ्यानं माझ्या खात्यात पाठवले, सोबत एक शब्दही नाही.

तरी त्या कायद्याचे मी आभारच मानते. 6 एप्रिल 2022 पासून इंग्लंड-वेल्समध्ये घटस्फोटासाठी एकमेकांवर आरोप करावे लागत नाहीत. त्याआधी व्यभिचार, असह्य वागणूक किंवा सोडून जाणं यांतलं काहीतरी मांडा, नाहीतर दोघांची संमती असेल तर दोन वर्षं आणि नसेल तर पाच वर्षं वेगळे राहा, असा नियम होता. आम्ही दोघांनी मिळून अर्ज केला. 20 आठवडे थांबलो, सशर्त आदेश आला, आणखी 6 आठवडे आणि एक दिवस, मग अंतिम आदेश. माझा नवरा वाईट माणूस नव्हता. तो क्रूर होता असं कागदावर लिहावं लागलं असतं तर मी अजूनही त्याच घरात राहिले असते. आमचं लग्न 1996 साली बडोद्यात लागलेलं. तिथल्या वकीलबाईंनी सांगितलं, दोघांच्या सह्या आहेत हे फार बरं झालं. आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावरून परदेशात मिळालेला एकतर्फी घटस्फोट भारतात धरला जाईलच असं नाही, 1991 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. म्हणजे लेस्टरला मी मोकळी आणि बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या काठी सौभाग्यवती, असंही झालं असतं.

पण इथल्या लोकांनी फार शिकवायला लागू नये. आमच्या बडोदा संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1931 साली झाला, सयाजीराव महाराजांच्या राज्यात. त्या वर्षी इंग्लंडमध्ये पत्नीला घटस्फोट हवा तर व्यभिचार सिद्ध करण्यावाचून जवळजवळ मार्ग नव्हता. छळ आणि सोडून जाणं ही कारणं तिथे 1937 च्या कायद्यानं आली. ऑफिसमधल्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली, आणि मला फार बरं वाटलं. आईची आवडती गोष्ट तर त्याच्याही आधीची. 1911 साली महाराजांच्या मुलीनं, इंदिराराजेंनी, ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः पत्र लिहून मोडलं आणि 1913 मध्ये लंडनला कूचबिहारच्या राजकुमाराशी लग्न केलं. आई हे अशा थाटात सांगते की जणू पत्र पोस्टात टाकायला तीच गेली होती. त्या लग्नाला महाराज आणि महाराणी चिमणाबाई गेले नव्हते, हे मात्र ती दर वेळी गाळते. या वेळी मी आठवण करून दिली. ती म्हणाली, "नंतर झालं ना सगळं नीट."

उत्तरायणाला गच्चीवर पतंग काटताना होणाऱ्या "काप्यो छे"च्या आरोळ्यांत बातमी आत्यापर्यंत पोचली. आत्या म्हणाली, तिकडे राहून तुझी विचारसरणी बदलली. आत्या, मामी गेल्यावर आठ महिन्यांत मामानं 58 व्या वर्षी लग्न केलं, तेव्हा मी सुट्टी काढून आले होते. श्रीखंड मीच वाढलं. तू दोनदा घेतलंस. तेव्हा सगळे म्हणत होते, पुरुषमाणसाला एकटं काढवत नाही. मला काढवतं, तीन वर्षं काढलं. काढवत नाही म्हणून नव्हे, हवंसं वाटतं म्हणून मी त्यांना भेटते.

14 महिने घरी का सांगितलं नाही, याचं उत्तरही देते. आईचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि स्वयंपाकघरात कायम कोणीतरी असतं. एवढंच. लाज वाटत नव्हती.

लेस्टरमध्ये उलटं. आमच्या गल्लीत मी 19 वर्षं राहते. दारातली नवऱ्याची गाडी एक दिवस गेली ती गेलीच, पण कोणी अवाक्षर विचारलं नाही. मला ते फार लागलं. माणसं आहेत की भिंती, असं वाटायचं. मग लक्षात आलं, की दर मंगळवारी पहाटे माझा कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला लावलेला असतो. ते काम नवऱ्याचं होतं आणि मी विसरत होते. शेजारच्या 80 वर्षांच्या बाई ढकलत नेत होत्या. आजतागायत त्यांनी मला कारण विचारलेलं नाही. बडोद्यात दुसऱ्याच दिवशी चारजणी आल्या असत्या, सगळं काढून घेतलं असतं, वर पिठलं-भात ठेवून गेल्या असत्या. मला तेव्हा दोन्ही हवं होतं, आणि पिठलं-भात जरा जास्त.

निघायच्या दिवशी आईनं लिलो चिवडा आणला. एका किलोची पिशवी. मी बॅग भरत होते, तर ही स्वयंपाकघरात जुना तराजू काढून बसलेली. दोन डबे, दोन्हींत अर्धा अर्धा किलो, काटा मधे येईपर्यंत चिमटीनं इकडचा तिकडे. झाकणं लावली. एकावर माझं नाव लिहिलं. दुसऱ्यावर काय लिहावं हे तिला कळेना, तिनं मला विचारलं नाही, नुसती चिकटपट्टी लावली.

"डबे परत हवेत," म्हणाली.

रविवारी मी त्यांना तो डबा दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, एक बकाणा भरला, आणि दुसऱ्या हातानं खिशातलं पाकीट काढलं. "बाने केटला आपवाना?" म्हणजे, आईला किती द्यायचे?

मी आईला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.