नव्वद टक्के

सर्वपित्री अमावास्या होती. पितृपक्षात नवीन मशीन कुणी घेत नाही, त्यामुळे पुण्यातल्या तपकीर गल्लीत आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीची दोन-चार कामं सोडली तर शांतता होती. पावणेतीनच्या सुमारास काकूंचा फोन आला. आवाज दबका.

"अरे, यांचा माऊस आपोआप हलतोय. हे म्हणतात कंपनीचा माणूस आहे, मधे बोलू नकोस. तू येतोस का जरा?"

काका नारायण पेठेत डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करतात, अगदी पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरच्या जमान्यापासून. लग्नपत्रिका, प्रबंध, स्मरणिका, आणि या दिवसांत दिवाळी अंक. त्यांचं मशीन मीच जोडून दिलेलं. मी म्हटलं, "काकू, कॉम्प्युटरच्या मागे इंटरनेटची निळी वायर आहे बघा, ती ओढून काढा."

"हात लावू देत नाहीयेत रे."

शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगितलं आणि अप्पा बळवंत चौकातून जवळजवळ धावतच निघालो.

पोचलो तेव्हा काका खुर्चीच्या कडेला बसले होते. मोबाइल स्पीकरवर. पडद्यावर काळी खिडकी उघडलेली आणि त्यात फोल्डरांची नावं धबधब्यासारखी खाली पळत होती. शेवटी इंग्रजीत एक ओळ आली, 'व्हायरस फाउंड'. बाण स्वतःच फिरत होता. स्पीकरमधून आवाज येत होता, "सर, ओटीपी बोलिए जल्दी, हॅकर अभी आपके सिस्टम में है." काका प्रुफांच्या गठ्ठ्याखाली चष्मा शोधत होते. ओटीपी आलेला होता, तो वाचायचाच काय तो राहिला होता.

मी मागून हात घालून वायर काढली. बाण जागच्या जागी थांबला.

काका ताडकन उठले. "अरे, काय केलंस हे! नव्वद टक्के झालं होतं! अंक आहे त्यात माझा!"

इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मी फोन कट केला. तो पुन्हा वाजला. पुन्हा. सहा वेळा वाजल्यावर काकूंनी तो उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

झालं होतं ते असं. एका लेखकाने कथा युनिकोडमध्ये पाठवली होती आणि काकांना ती श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये हवी होती. हे रोजचंच दुखणं. फुकटचा कन्व्हर्टर शोधताना 'डाउनलोड' लिहिलेल्या एका हिरव्या बटणावर त्यांनी क्लिक केलं. खरं बटण खाली बारीक अक्षरांत होतं, हिरवं बटण ही जाहिरात होती. पूर्ण पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला, तपासणी आपोआप सुरू झाली, तेरा व्हायरस सापडले आणि खाली फोन नंबर. 'कॉम्प्युटर बंद केल्यास सर्व फाइल्स नष्ट होतील.' सव्वाशे पानांचा अंक सोमवारी छपाईला द्यायचा असताना ही ओळ वाचणाऱ्या माणसाने काय करावं? काकांनी फोन केला. त्याने सांगितलं तसा दुरून ताबा देणारा प्रोग्रॅम घातला आणि 4,999 रुपये भरले. अँटिव्हायरस बसला. मग तो म्हणाला, व्हायरस फार खोल गेलाय, आणखी 24,999 लागतील.

आधी कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद केलं. ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड साठवलेला होता, तो काकूंच्या मोबाइलवरून बदलला. मग मी म्हटलं, आता 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करू.

"राहू दे रे. पाचच हजार गेलेत." काका खाली बघत होते. "मुलाला कळलं तर म्हणेल, बाबा, बास झालं आता हे काम."

इथे मी अडून बसलो. ही लाज हाच या चोरांचा खरा धंदा आहे असं माझं पक्कं मत आहे. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला ते अडवता येतात. उशीर झाला की संपलं. मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून विचारलं, किती रक्कम, किती वाजता, व्यवहार क्रमांक काय. पहिल्यांदा काका इतकं हळू बोलले की त्यांना आकडा पुन्हा सांगावा लागला. दुसऱ्यांदा सांगताना आवाज जरा सरळ झाला. तक्रार क्रमांकाचा मेसेज आला, तो काकूंनी कॅलेंडरवर लिहून ठेवला.

तरी काकांचं मन मशीनमध्येच होतं. "पण ते तेरा व्हायरस? ते तर आहेतच ना?"

तोंडी सांगून पटणार नव्हतं. माझ्या पिशवीत दुकानातला एक जुना, सिम नसलेला अँड्रॉइड फोन असतो. काकांच्या ब्राउझरच्या हिस्टरीत तो पत्ता होता, तोच मी फोनवर उघडला. तसाच लाल पडदा, तीच पट्टी, तेच तेरा व्हायरस, त्याच क्रमाने. पहिला सापडला 'सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम 32' मध्ये.

"काका, सी ड्राइव्ह विंडोजच्या कॉम्प्युटरला असतो, या फोनला कुठून आला?"

त्यांनी चष्मा लावला. पान बंद करून पुन्हा उघडायला सांगितलं. पुन्हा तेरा. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः उघडलं आणि प्रुफं वाचतात तसं एकेक नाव बोट ठेवून वाचलं. "हे तर चित्र आहे," म्हणाले.

चित्रच. वेबपानाला तुमच्या डिस्कवरच्या फाइल्स अशा तपासताच येत नाहीत, ते फक्त तपासल्याचं हलतं चित्र दाखवतं. काळ्या खिडकीत पळणारी नावं म्हणजे विंडोजची फोल्डरांची यादी दाखवणारी साधी आज्ञा, आणि शेवटची ओळ त्या माणसाने हाताने टाइप केलेली. त्याने काकांना इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या लाल खुणाही दाखवल्या होत्या. तशा खुणा धडधाकट मशीनवरही शेकड्याने असतात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, एवढं जरी माहीत असतं तरी पुढचं टळलं असतं.

मग त्या पाच हजारांच्या अँटिव्हायरसची पाळी. खरे अँटिव्हायरस तपासायला एक ठरलेली ओळ आहे, ईकार चाचणी म्हणतात तिला. 68 अक्षरं, पूर्ण निरुपद्रवी, पण कुठल्याही खऱ्या अँटिव्हायरसने ती पकडायचीच असा संकेत. काकांच्या मशीनवर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर त्या माणसाने बंद करून टाकला होता. मी नोटपॅडमध्ये ती ओळ टाइप करून सेव्ह केली. कोपऱ्यातली त्या नव्या अँटिव्हायरसची ढाल हिरवीच राहिली, 'आपण सुरक्षित आहात'. तीच ओळ माझ्या लॅपटॉपवर टाइप केली, तर सेव्ह करताक्षणी डिफेंडरने फाइल उचलली. काका काही बोलले नाहीत. काकूंनी चहा टाकला.

मी 2008 मध्ये या कामाला लागलो तेव्हा आठवड्याला दोन-तीन मशीन असली यायची. 'एक्सपी अँटिव्हायरस 2008' नाव, तशीच ढाल, तीच भीती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने अशा सॉफ्टवेअरवाल्यांना कोर्टात खेचलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले होते, आणि 2012 मध्ये कोर्टाने 16 कोटी 30 लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. आता नुसतं सॉफ्टवेअर नाही, त्याच्या जोडीला फोनवर बोलणारा माणूस असतो. ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयने देशात 76 ठिकाणी छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या नावाने खोटा टेक सपोर्ट देऊन परदेशी लोकांना लुबाडणारेही होते. मला संताप याचा येतो की यात निष्काळजी माणूस सापडतच नाही. ज्याला आपल्या फाइलींची काळजी आहे तोच फोन करतो. आणि हे त्या पुण्यात, जिथे कैलास काटकरांच्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हीलसारखा खरा अँटिव्हायरस उभा राहिला.

बाकीचं काम नेहमीचं, पण वेळखाऊ. दुसऱ्याच्या हातात गेलेल्या मशीनवर मी भरवसा ठेवत नाही. विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून फक्त कामाच्या फाइल्स आणि फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर घेतले, मग डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं. मग श्रीलिपी, तिचं लायसन्सचं डोंगल, पानं लावायचं इनडिझाइन. रात्री साडेबाराला काकांनी संपादकीयाचं पान उघडलं. 'दुसऱ्या' मधल्या 'ऱ्या'च्या जागी चौकट. त्यांचा चेहरा उतरला. एक फॉन्ट राहिला होता, तो घातला आणि अक्षर जागेवर आलं. मग त्यांनी सव्वाशेच्या सव्वाशे पानं माझ्यासमोर चाळली. मीही थांबलो. अंक सोमवारी वेळेत छपाईला गेला. 4,999 अजून परत आलेले नाहीत, तक्रार चालू आहे.

दसरा झाल्यावर सहज त्यांच्याकडे डोकावलो. काका पेनड्राइव्ह खिशात घालून निघाले होते, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मेल करायला. मी मशीनच्या मागे पाहिलं. निळी वायर तशीच लोंबत होती. सव्वादोन आठवडे हा माणूस एकेक पान पेनड्राइव्हवर घालून जिन्यावरून खाली-वर करत होता. तीस वर्षं ज्याने कॉम्प्युटरवर घर चालवलं, तो आता त्या वायरला हात लावायला घाबरत होता.

मी जमिनीवर बसलो. डिफेंडर चालू असल्याचं दाखवलं, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन घालून दिलं, आणि पडदा पुन्हा लाल झाला तर काय करायचं ते तीनदा करून घेतलं. एस्केप दाबून धरायचं. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप, आणि ब्राउझर बंद. तेही नाही जमलं तर सरळ बटण बंद, फाइलींना काही होत नाही.

"बटण बंद केलं तरी?"

"तरी. वर सेव्ह मारत जा मधेमधे, तुम्ही मारताच."

तिसऱ्यांदा त्यांनी न विचारता केलं. मग मी वायर उचलून त्यांच्यापुढे धरली. काकांनी ती घेतली, वाकून मागची जागा बोटाने चाचपली आणि खट्‌ आवाज येईपर्यंत आत ढकलली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. थोडा वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले, मग खिशातला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला आणि मेल उघडला.