एसीच्या गरम हवेवर वीज का होत नाही?

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्सचा वाद संपायच्या आत कोणीतरी मला गाठतंच. "एसीचं बाहेरचं युनिट दिवसभर गरम हवा फेकतं. उष्णतेपासून वीज करणाऱ्या चकत्या मिळतात म्हणे. त्या तिथे लावल्या तर बिल नाही का कमी होणार?" आणि पाठोपाठ: "इतकी वर्षं तुम्ही लोक त्यावर संशोधन करताय, मग घोडं अडलंय कुठे?" मी थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे तापमानातल्या फरकातून वीज करणाऱ्या, पदार्थांवर काम करतो, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

पहिल्याचं उत्तर: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. बाहेर ३३ अंश, युनिटची हवा ४५ अंश धरा. फरक १२ अंशांचा. एवढ्या फरकात कुठल्याही यंत्राला पावणेचार टक्क्यांच्या वर जाता येत नाही, हा कार्नोचा नियम. बाजारातल्या चांगल्या पदार्थाला तर त्या उष्णतेतला एक टक्कासुद्धा विजेत बदलता येत नाही. वर चकत्यांनी हवा अडवली की कॉम्प्रेसर जास्त वीज खाणार, ते वेगळंच.

दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. १८२१ मध्ये सीबेक या शास्त्रज्ञाने दोन वेगळ्या धातूंचं कडं करून एक सांधा तापवला आणि शेजारची चुंबकसुई हलली, कारण कड्यातून वीज वाहिली. म्हणजे तत्त्व दोनशे वर्षं जुनं. पण धातूंत फरकाच्या एका अंशामागे मिळतात ते जेमतेम काही मायक्रोव्होल्ट (व्होल्टचे दहा लाखावे भाग). १९५० च्या दशकात बिस्मथ टेल्युराइड आलं, ते दोनशेच्या आसपास देतं. आजही बाजारातल्या बहुतेक चकत्या त्याच्याच.

पदार्थ किती चांगला हे 'झेडटी' या आकड्यावरून ठरतं. व्होल्टेज जास्त हवं, वीज सहज वाहायला हवी आणि उष्णता मात्र वाहता कामा नये. इथेच मेख आहे. वीज वाहावी म्हणून इलेक्ट्रॉन वाढवले की व्होल्टेज पडतं, आणि तेच इलेक्ट्रॉन उष्णताही पलीकडे नेतात. वीज आणि उष्णता वाहण्यातलं हे नातं वीडेमान आणि फ्रान्झ या शास्त्रज्ञांनी १८५३ मध्येच दाखवून दिलं होतं. त्यातल्या त्यात मोकळीक उरते ती अणूंच्या जाळीच्या थरथरीतून वाहणाऱ्या उष्णतेत. तिला अडवायचं, इलेक्ट्रॉनना जाऊ द्यायचं. घोडबंदर रोडला खड्डे पडले की दुचाकीवाला वाट काढतो आणि कंटेनर अडकतो, तसं काहीसं. या थरथरीच्या लहानमोठ्या सगळ्या लहरी अडाव्यात म्हणून अडथळेही सगळ्या मापांचे हवेत: अणूएवढे, नॅनोमीटरचे, मायक्रॉनचे. हे लेड टेल्युराइडमध्ये करून २०१२ मध्ये झेडटी २.२ वर गेला. त्याआधी कित्येक दशकं तो १ च्या आसपासच घुटमळत होता.

टिन सेलेनाइडची गोष्ट मला सगळ्यात आवडते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या कानात्झिडिस यांच्या गटाने त्याच्या एकसंध स्फटिकात २.६ दाखवला. पण एकसंध स्फटिक ठिसूळ, वाढवायला कटकटीचा. भुकटी दाबून टिकली केली तर कणांच्या सीमांमुळे उष्णता आणखी अडायला हवी. प्रत्यक्षात ती जास्तच वाहायची. बरीच वर्षं वाद चालला. कणांवर टिन ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि उष्णता त्यातून निसटते, असं निघालं. आधी टिन नीट शुद्ध केलं, तो थर काढला, आणि २०२१ मध्ये दाबलेल्या टिकलीनेच ३.१ दिला, ५१० अंशांना. नवा पदार्थ नाही, फक्त स्वच्छता!

आमच्याकडे दिवसाचा बराच वेळ तसल्याच कामात जातो. धातूचे तुकडे क्वार्ट्झच्या नळीत घालायचे, हवा काढायची, ज्योतीवर फिरवत फिरवत तोंड बंद करायचं. कुठे केसाएवढी फट राहिली तर भट्टीतून काळी राख निघते. (टेल्युरियम अंगात गेलं तर श्वासाला लसणाचा वास येतो, म्हणून हातमोजे आणि मास्कबाबत आम्ही कडक.) मग टिकली घासायची, मोजायची. व्होल्टेजचा आकडा झेडटीच्या सूत्रात वर्ग होऊन येतो, म्हणून तिथली पाच टक्क्यांची चूक पुढे दहा टक्क्यांची होते. वीज एका दिशेने मोजली आणि उष्णता दुसऱ्या, तर झेडटी उगाच फुगतो. म्हणून कुठलाही विक्रमी आकडा वाचला की मी आधी मोजमापाची दिशा बघतो.

आणि आकडा खरा असला तरी हिशेब बघा. चकतीची एक बाजू २०० अंश, दुसरी ३५. झेडटी १ असेल तर कार्यक्षमता ७ टक्के. तो तिप्पट करा, १३ टक्के. तिप्पट नाही झाली! तेही आदर्श हिशेबात. प्रत्यक्षात सांध्यांवर वीज आणि उष्णता दोन्ही गळतात. तापून-निवून सांधे तडकतात. लॅमिंग्टन रोडवरून थंड करायची (वीज दिली की एका बाजूने गार होणारी, याच जातीची) स्वस्त चकती आणून पोरं बाइकच्या सायलेन्सरला लावतात, पण त्यातल्या बऱ्याच चकत्यांचं सोल्डर १३८ अंशांनाच वितळतं. माझं मत विचाराल तर सध्या पैसा आणि माणसं या सांध्यांवर लावायला हवीत. पण त्यावरचा पेपर कोणाला चमकदार वाटत नाही.

जिथे सेल बदलायला कोणी जाऊ शकत नाही तिथे मात्र या पदार्थांना तोड नाही. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर अंतराळयानांना सिलिकॉन-जर्मेनियमच जगवतंय, सुरुवातीची कार्यक्षमता साडेसहा टक्क्यांच्या आसपास असूनसुद्धा. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत वाफेच्या पाइपवर सेन्सर चालवायचा तर काही मिलीवॉट पुरतात, आणि तेवढे ही चकती आरामात देते. कोणी विकायला आलं तर झेडटी विचारू नका. थंड बाजू थंड कशी ठेवणार, ते विचारा.