चौकट चार: जिथे उभा राहायचो, तीच बिल्डिंग पाडताहेत

दिवाळीत गावाला गेलो आणि इकडे घोळ झाला. चौकट चार, म्हणजे मुंबईत पार्ल्यात एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा घ्यायचा माझा चार नंबरचा फोटो, ज्या गच्चीवरून घ्यायचो, त्या बिल्डिंगलाच पत्रे लागलेत. तीन वर्षं तिच्या कठड्याला टेकून समोरची गुलाबी बिल्डिंग आधी पाडली जाताना, मग नव्याने चढताना टिपली. पण हीसुद्धा पाडकामाच्या रांगेत आहे हे डोक्यातच आलं नाही. गेटवर काका टेम्पोत फ्रिज चढवत होते. म्हणाले, "अरे, बिल्डरकडून दुसरीकडे राहायच्या भाड्याचे चेकसुद्धा मिळाले सगळ्यांना. तुला आता गच्चीची किल्ली कशाला हवीय?"

आणि नेमका आत्ताच गुलाबीचा सहावा स्लॅब पडला. (नव्यांसाठी: पडला म्हणजे भरला.) ॲल्युमिनियम शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे) आहे, आठ-दहा दिवसांत पुढचा येणार. थांबून चालणार नव्हतं.

आधी रस्त्यावरून बघितलं. ऑक्टोबर 2023 च्या महापालिकेच्या धूळ-नियमांनी एकराखालच्या प्लॉटलाही 25 फूट पत्रे, आणि वर सगळीकडून हिरवं कापड. पार्ल्यातल्या फुफ्फुसांसाठी उत्तम, पण मला खालून फक्त हिरवा खोका दिसतो. मग पोछ्याच्या दांड्याला मोबाईल बांधला. वाइड लेन्सने भिंती पोट सुटल्यासारख्या आल्या, आणि वाऱ्यात क्लॅम्प फिरला. गेल्या नोंदीत ज्याचं कौतुक केलं तो हाच क्लॅम्प. कौतुक मागे घेतो, आटे एका पावसाळ्यात झिजले. 50 मिमीची लेन्स आणि घट्ट तिपाई, बाकी सगळी खेळणी.

शेवटी तोच फोटो देणारी नवी जागा शोधायला दोन रेषांचा उपाय. जुन्या फोटोत जवळची आणि लांबची अशी दोन न हलणारी टोकं एकाआड एक दिसली की एक रेषा मिळते. अशा दोन रेषा जिथे छेदतात तिथे आपण उभे असतो. त्यातली एक सरकली तरी दुसरीवरून चालत मागे जायचं. पण न हलणारं असं पार्ल्यात उरलंय काय? मागची लिफ्टरूम मे महिन्यात गेली, माडाची झावळी छाटली. नवे टॉवर म्हणाल तर विमानतळामुळे सगळे एकाच उंचीवर सुरीने कापल्यासारखे. कुणाला कशावरून ओळखायचं? चार संध्याकाळी मान दुखेपर्यंत मोजमाप. देवळाचा कळस आणि त्यामागच्या टाकीचा कोपरा, एवढीच एक रेषा शिल्लक होती.

ती रेषा धरून मागे मागे गेलो तर थेट शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यात, चौथ्या मजल्याच्या खिडकीशी! जोशीकाकूंनी (नाव बदललंय) चहा दिला, वर "रोज ये" म्हणाल्या. घरी येऊन जुना फोटो नव्यावर ठेवला. गुलाबीची डावी कड बोटभर सरकलीय, बाकी बसलं. बायकोला दाखवलं, ती "बरं" म्हणाली. तुम्हाला कळेल.

शिवाय या खिडकीतून आपली बिचारी गच्ची दिसते. पोकलेन वर चढलाय. तिसऱ्या मजल्याची लादी अर्धी कापलेली, आणि त्या कडेला थर: खाली हिरवट मोझेक, त्यावर चॉकलेटी सिरॅमिक, त्यावर पांढरी व्हिट्रिफाइड. शेजारच्या खोलीत मात्र मोझेक तसंच. एकाच घरात कुणीतरी बेडरूमचा खर्च वाचवला होता.

हे लिहिता लिहिता सुचलं: गुलाबी किती चढली ते कळायला फोटो कशाला, सावली मोजू की. गुलाबीच्या उत्तरेला देवळाचं आवार आहे. डिसेंबरात दुपारी साडेबाराच्या सुमारास एक मीटरच्या काठीची सावली इथे साधारण 92 सेंमी पडते. म्हणजे तीन मीटरच्या मजल्यामागे सावली पावणेतीन मीटर पुढे. पायथा पत्र्याआड असला तरी बिघडत नाही, मला फक्त फरक हवाय. कड हातभर पुसट येईल, सळ्या घोळ घालतील, आणि मेच्या मध्यावर तर सावलीच नाही. तरी डिसेंबरभर ऊन रोज जवळपास त्याच कोनात असतं, तेवढ्यात तीन स्लॅब होतात.

आता चौकट चार महिन्याला एकदाच. स्लॅब मोजायचं काम सावलीकडे. खडू आणलाय, पुजाऱ्यांना विचारायचंय. आवारात शहाबादी आहे, खुणा टिकायला हव्यात. सकाळी सडा घालतात का, ते उद्या बघतो.