टाचेतला दोरा

२०२३ च्या आषाढी वारीत मी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एवढा एकच टप्पा चाललो. सुमारे ३० किलोमीटरांची चाल, अखेरीस दिवे घाटाची चढण, त्यात एकादशीचा उपवास आणि लांबलेला पाऊस. एका दिवसाची रजा घेऊन निघालेल्या माणसाने नेमका हा टप्पा निवडणे शहाणपणाचे नव्हते.

वडकीच्या विसाव्याला मी एका टाळकऱ्याच्या पाया पडलो आणि वारीच्या रीतीप्रमाणे तोही लगेच माझ्या पायांशी वाकला. माझ्या बुटांवर टेकलेल्या त्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीला वरचे पेर नव्हते. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी, १९८७ साली, ते पेर कडबाकुट्टीत गेले तेव्हा चाक मी फिरवत होतो.

मी त्याचे नाव घेतले. त्याने निरखून पाहिले आणि म्हणाला, “तुम्ही होय, माऊली?” वारीत लहान पोरालाही माऊलीच म्हणतात, त्यामुळे त्या शब्दाचे काही वाटले नाही; ‘तुम्ही’ मात्र लागले.

१९८९ मध्ये आम्ही दोघे दहावी झालो. मी तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला गेलो आणि पुढे पुण्यात संगणकाच्या नोकरीला लागलो. वडील गेल्यावर त्याने ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली आणि ती फेडता फेडता नवराबायकोचा मिळून एक कोयता असे पंचवीस हंगाम उसाच्या फडात काढले. १९९४ मध्ये त्याच्या लग्नाची पत्रिका मला मिळाली होती. परीक्षा असल्याने मी गेलो नाही, हे खरेच होते. पण चार ओळी लिहायला परीक्षा आड येत नव्हती.

घाटात माझी टाच सोलवटू लागली. त्याने मला रस्त्याच्या कडेला बसवले, टोपीच्या दुमडीत खोचलेली सुई काढली, दोरा ओवला, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढला आणि दोरा आतच ठेवून टोके दातांनी तोडली. असे केले की पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहते आणि वरचे कातडे निघत नाही. मी पाय आखडला तसा तो खेकसला, “गप बस की रे, कामून हालायलास?” त्या खेकसण्याने मला जे बरे वाटले, ते त्याला सांगता आले नाही.

त्याऐवजी मी बोटाचा विषय काढला. “कोयता उजव्या हातात असतो,” तो म्हणाला. तोडायचा ऊस डाव्या मुठीत धरावा लागतो, हे मला ठाऊक होते. तो तर पंचवीस वर्षे धरतच आला होता.

सासवडच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोळा झाल्या. चोपदारांनी दंड उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती मात्र वाजवत राहते आणि मग चोपदार तिच्याकडे जाऊन तिचे म्हणणे ऐकून घेतात. मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. दंड वर जाताच त्याचे टाळ थांबले.

आरतीनंतर तो मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. दोन दिवस दोरा ओढू नको, एवढेच त्याने बजावले.