बोलोन्याच्या प्रदर्शनात आमचं उटणं

सांगलीहून निघताना माझ्या बॅगेत उटण्याच्या आठ डब्या, माक्याच्या तेलाच्या सहा बाटल्या, काजळाच्या चार डब्या आणि फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं एक ‘युरोपियन प्रमाणपत्र’ होतं. ते आम्ही वर्षभरापूर्वी इकडच्याच एका सल्लागाराला चांगले पैसे मोजून घेतलं होतं. त्यावर ‘सीई’ ही अक्षरं ठळक छापलेली. इटलीतल्या बोलोन्यात पहिल्याच दिवशी कळलं, की सौंदर्यप्रसाधनांना सीई लागूच होत नाही. ते चिन्ह खेळण्यांना, विजेच्या उपकरणांना, वैद्यकीय साधनांना असतं. साबण-तेल-उटण्याला ‘सीई सर्टिफिकेट’ काढून देतो असं कुणी म्हणालं, तर तिथूनच नमस्कार करून उठा. हा वृत्तांत लिहायला बसले ते मुख्यतः याचसाठी.

आधी प्रवासाचं थोडक्यात. कॉस्मोप्रॉफ हे सौंदर्यप्रसाधनांचं प्रदर्शन दरवर्षी मार्चमध्ये बोलोन्यात भरतं, १९६७ पासून. व्यवसायातल्या लोकांनाच प्रवेश असतो, तिकीट ऑनलाइन आधी काढलेलं स्वस्त पडतं. सगळी दालनं सगळे दिवस उघडी नसतात, त्यामुळे आपल्या कामाच्या दालनाच्या तारखा पाहून मगच विमानाचं तिकीट काढा. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतोच. आम्ही फेब्रुवारीवर ढकललं आणि पासपोर्ट हातात येईपर्यंत जीव टांगणीला लागला. तुम्ही डिसेंबरातच करा.

प्रदर्शनाच्या आठवड्यात बोलोन्यातली हॉटेलं परवडत नाहीत. मी आणि माझी धाकटी जाऊ फेरारा या जवळच्या गावी राहिलो. रेल्वेनं अर्धा-पाऊण तास, आणि गाव शांत. तिथे लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता मिळतो, पण पिठात अंडं असतं, शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं. नमुन्यांच्या बाटल्या केबिन बॅगेत नेऊ नका, शंभर मिलिलीटरच्या वर काहीही सोडत नाहीत. पायात रोजच्या सवयीचे बूट घाला, रोज सात-आठ तास चालणं होतं.

आता कामाचं. एका स्टॉलवर सुरक्षा-अहवाल करून देणारी मंडळी बसली होती. तिथल्या बाई शिक्षणानं फार्मासिस्ट, विषशास्त्राचं काम करणाऱ्या. त्यांनी आमची डबी उघडली, चिमूटभर उटणं मनगटावर चोळलं, वास घेतला आणि खूश झाल्या. मग डबी उलटी करून नखानं लेबलवर एकेक घटक मोजायला लागल्या. हळद, आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कचोरा इथपर्यंत नख सरकत गेलं. बावचीवर थांबलं.

“हे काय आहे? लॅटिन नाव सांगाल?”

जाऊनं फोनवर शोधून दाखवलं: सोरालिया कोरिलिफोलिया. बाईंनी मान हलवली. बावचीत सोरालेन जातीची द्रव्यं असतात. ती अंगाला लागून उन्हात गेलं की कातडी भाजू शकते. कोडावर वैद्य बावची देतात ती नेमकी याच गुणामुळे. ही द्रव्यं युरोपच्या बंदीच्या यादीत आहेत. सुगंधी तेलांत निसर्गतः असतात तेवढीच चालतात. सासूबाईंच्या हातचं उटणं, त्यांच्या आजेसासूपासून चालत आलेलं. मला वाईट वाटलं. पण बाईंचं म्हणणं मला पटलं, आजही पटतं. दिवाळीत पहाटे अंधारात लावून धुऊन टाकायचं उटणं वेगळं, आणि ते रोज लावून भर उन्हात समुद्रावर झोपणारं गिऱ्हाईक वेगळं.

कोष्ठ आणि जटामांसी यांचा मुद्दा निराळा. दोन्ही वनस्पती दुर्मीळ प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ करारात येतात, कोष्ठ परिशिष्ट १ मध्ये आणि जटामांसी परिशिष्ट २ मध्ये. कागदपत्रांशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका. आम्ही निर्यातीच्या मिश्रणातून दोन्ही काढली.

काजळाचा विषय पाच मिनिटांत संपला. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी आणि तूप म्हटल्यावर बाईंनी विचारलं, या काजळीची शुद्धता कुठल्या प्रयोगशाळेनं तपासली आहे? काळ्या रंगद्रव्याला तिकडे शुद्धतेच्या अटी आहेत, आणि डोळ्याजवळच्या वस्तूला कुणी सूट देत नाही. काजळ आम्ही सोडून दिलं.

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला इतक्या लांब गेले होते: सर्टिफिकेट देतं कोण? उत्तर असं, की कुणीच देत नाही. युरोपियन संघाचा १२२३/२००९ हा कायदा ११ जुलै २०१३ पासून पूर्ण लागू आहे, आणि तो सरकारी मंजुरीवर चालत नाही. तो विचारतो, या डबीबद्दल जबाब द्यायला युरोपात कोण बसलंय? त्या माणसाला किंवा कंपनीला ‘रिस्पॉन्सिबल पर्सन’ म्हणतात. पत्ता युरोपियन संघातलाच हवा आणि तो प्रत्येक डबीवर छापावा लागतो. तुमचा आयातदार हे काम करू शकतो, किंवा पैसे घेऊन करणाऱ्या संस्थाही असतात. माझं मत संस्थेकडे झुकतं. आयातदाराचं नाव एकदा लेबलवर आणि फाइलवर गेलं, की उद्या आयातदार बदलायचा म्हटलं तर सगळं पुन्हा.

या जबाबदार व्यक्तीकडे प्रत्येक उत्पादनाची फाइल असते, तिला ‘पीआयएफ’ म्हणतात. शेवटची बॅच बाजारात गेल्यापासून दहा वर्षं ती सांभाळावी लागते. फाइलचा गाभा म्हणजे सुरक्षा-अहवाल. तो औषधनिर्माण, विषशास्त्र, वैद्यक अशा विषयातली पदवी असलेल्या माणसाच्याच सहीचा लागतो. हे सगळं झालं की ‘सीपीएनपी’ या पोर्टलवर नोंद. तिला फी नाही, आणि एकदा केली की संघातल्या सगळ्या देशांना चालते. पण नोंद म्हणजे मंजुरी नव्हे. तिचा क्रमांक दाखवून ‘युरोप अप्रूव्ह्ड’ असं छापू नका.

अहवालाला काय लागतं, तिथे आपल्यासारख्या लहान उत्पादकांची खरी अडचण आहे. प्रत्येक कच्च्या मालाचा तपासणी अहवाल लागतो, आपण ज्याला सीओए म्हणतो तो. मार्केट यार्डातला व्यापारी हळदीचं बिल देतो, सीओए देत नाही. खोबरेल घाण्यावरून आणतो, तिथेही तेच. ‘पिढ्यान्‌पिढ्या वापरतोय, कुणाला काही झालं नाही’ हे वाक्य मी मनापासून म्हटलं, आणि बाईंनी तितक्याच मनापासून सांगितलं, की हे मला अहवालात लिहिता येणार नाही.

उटण्यासारख्या कोरड्या पुडीत पाणी नसतं, म्हणून परिरक्षकाची ‘चॅलेंज टेस्ट’, म्हणजे मुद्दाम जंतू घालून परिरक्षक त्यांना आवरतो का ते पाहणं, सहसा टळते. पाणी असलेल्या क्रीमला ती करावी लागते आणि तिला २८ दिवस लागतात. पण मुळ्या मातीतून येतात, त्यांच्याबरोबर जंतूही येतात. साधारण प्रसाधनांना ग्रॅममागे १,००० आणि डोळ्याजवळच्या किंवा तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंना १०० ही मर्यादा धरतात. आमचा पहिला आकडा त्याच्या कितीतरी वर गेला होता. मसाल्यांसाठी वाशीला किरणोत्सर्ग प्रक्रियेचं केंद्र आहे, तो एक मार्ग. मात्र पुढे ‘कॉसमॉस’चं सेंद्रिय मानांकन घ्यायचा विचार असेल, तर किरणोत्सर्ग चालत नाही. आम्ही वाफेचं निर्जंतुकीकरण निवडलं. रंग किंचित उतरला, वास टिकला.

तेलवाल्यांनी सुगंधाकडे लक्ष द्या. ॲलर्जी आणू शकणाऱ्या ज्या सुगंधी घटकांची नावं लेबलवर द्यावी लागतात, त्यांची यादी २०२३ मध्ये ऐंशीच्या वर गेली. कापूर, गुलाबाचं तेल, चंदनाचं तेल ही आपली घरची मंडळी आता तिच्यात आहेत. ३१ जुलै २०२६ पासून बाजारात येणाऱ्या नव्या उत्पादनांना आणि ३१ जुलै २०२८ पासून जुन्यांनाही हे लागू आहे. अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याच्या वर आणि धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्याच्या वर घटक असेल, तर नाव छापायचं.

आणखी एक गोष्ट, जी मला इथे कुणीच सांगितली नव्हती. आमच्या तेलाचा परवाना आयुर्वेदिक औषधाचा आहे आणि लेबलवर ‘आयुर्वेदिक औषध’ असंच छापलेलं. तिकडे मधलं खातं नाही. वस्तू एकतर प्रसाधन, नाहीतर औषध. औषध म्हटलं की वेगळाच कायदा लागतो, तो आपल्याला झेपणारा नाही. ‘कोंडा बरा करते’, ‘इसब घालवते’ असले शब्द लेबलवरच नव्हे, वेबसाइटवरही नकोत. परत आल्यावर आम्ही २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सखाली राज्याच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, प्रसाधनाच्या परवान्यासाठी सीओएस-५ या नमुन्यात अर्ज केला. परवाना सीओएस-८ मध्ये मिळतो. हे निघण्याआधीच केलं असतं तर दोन महिने वाचले असते.

शेवटच्या दिवशी पाऊस होता. बोलोन्यात मैलोगणती कमानींखालून छत्रीशिवाय चालता येतं. आम्ही एका औषधाच्या दुकानात शिरलो आणि तासभर नुसती लेबलं वाचली. उघड्या डबीचं चित्र आणि आत ‘१२ एम’, म्हणजे उघडल्यावर बारा महिने. बॅच क्रमांक, इटालियनमधल्या सूचना, घटकांची नावं मात्र सगळ्या देशांत सारखी, खोबरेल म्हणजे ‘कोकोस न्यूसिफेरा ऑइल’. जाऊ म्हणाली, “ताई, आपल्या डबीवर एवढं सगळं मावणार नाही.” खरंच मावत नव्हतं. डबी बदलली, आता बाहेर खोका आहे. तुम्ही गेलात तर हा एक तास नक्की काढा.

लंडन-लेस्टरला नातेवाईक आहेत म्हणून तिकडे पाठवू म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनची जबाबदार व्यक्ती वेगळी आणि नोंदही वेगळी. आणि ऑनलाइन एकच डबी जर्मनीत विकली तरी वरचा सगळा कायदा लागतो.

निघण्याआधी मुंबईच्या केमेक्सिलकडे सभासद व्हा, निर्यातदारांची सौंदर्यप्रसाधनांची परिषद तीच. अहवाल करून देणाऱ्यांकडून दर लेखी घ्या. त्यात फाइल, पोर्टलची नोंद, लेबल तपासणी आणि जबाबदार व्यक्तीची वार्षिक फी यांतलं काय धरलंय ते ओळीनं विचारा. दर उत्पादनामागे असतो, म्हणून पहिल्या खेपेला दोनच वस्तू निवडा. आम्ही उटणं आणि माक्याचं तेल निवडलं.

हळद आता एकाच शेतकऱ्याकडून घेतो, पोत्यावर तारीख आणि गट क्रमांक लिहून. उटण्याच्या नव्या मिश्रणाच्या डब्या टिकाऊपणा तपासायला पुण्याच्या प्रयोगशाळेत ४० अंशांवर ठेवल्या आहेत. चैत्रात ठेवल्या, आषाढात बाहेर निघतील.